विषय: शनिवार २२ जूनची हस्टिंग्ज (उमेदवारांना मतदारांनी प्रश्न विचारायची सभा) – सातव्या उमेदवाराचं काय करायचं?

कार्यवाह, १३ जून २०२४
मंडळी, ४ जुलैच्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीसाठी आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांची अधिकृत यादी लागली, नावं सात आहेत. आपले आमंत्रणाचे मेल सहा जणांना गेलेत. राहिलेले गृहस्थ अपक्ष. त्यांनी काल रात्री मेल करून विचारलंय, मला का नाही बोलावलं? कॉर्डलेस माईक दोनच आहेत. आज रात्रीपर्यंत मत कळवा, मला उत्तर द्यायचंय.

माजी अध्यक्ष
२०१९ला आपण तिघांनाच बोलावलं होतं, कुणी चकार शब्द काढला नाही. सात जणांना दोन-दोन मिनिटं दिली तरी एका प्रश्नाला चौदा मिनिटं गेली. दोन तासांत जेमतेम आठ प्रश्न होतील. लोक जोडीदाराच्या व्हिसाचं विचारायला येणार आहेत. एप्रिलपासून पगाराची अट १८,६०० पौंडांवरून २९,००० वर गेली, त्यावर नीट उत्तरं मिळाली पाहिजेत. निवडून येण्याची शक्यता नसलेल्याला वेळ का द्यायचा?

खजिनदार
काका, २०१९चं राहू द्या. तेव्हाही नियम हाच होता, आपण वाचला नव्हता. इलेक्टोरल कमिशन, म्हणजे इथला निवडणूक आयोग, म्हणतं, सगळ्या उमेदवारांना बोलावलं तर अशा सभेचा खर्च कुणाच्या प्रचारात धरत नाहीत. एखाद्याला वगळायचं तर निःपक्षपाती कारण हवं आणि ते त्याला सांगायलाही हवं. ‘माईक दोनच आहेत’ असं कारण लिहून मी सही करणार नाही. आपण नोंदणीकृत चॅरिटी आहोत, कुठल्याच उमेदवाराची बाजू घेता येत नाही, हेही विसरू नका. आणि त्या माणसानेही बाकीच्यांसारखेच अनामत म्हणून ५०० पौंड भरलेत. ५ टक्के मतं मिळाली नाहीत तर ते बुडणार. तरी उभा राहिलाय.

ध्वनिव्यवस्था
माईक दोन पुरतात, टेबलावर फिरवायचे. खरी अडचण वेळेची. दोन मिनिटं संपली की थांबवणार कोण? गणपतीच्या कपाटातली पितळी घंटा द्या, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाते.

सांस्कृतिक समिती
ती घंटा आरतीची आहे, राजकारणासाठी मिळणार नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे आणि कपाटातलं काहीही विचारल्याशिवाय बाहेर जात नाही, हे दिवाळीनंतरच ठरलंय. एकतारी मिळेल, पण ऑगस्टच्या आत परत हवी.

ध्वनिव्यवस्था
वहिनी, एकतारी नको, घंटाही नको. मोबाइलचा टायमर पडद्यावर लावतो, म्हणजे बोलणाऱ्यालाही दिसेल. दिवाळीला तबल्याचं कव्हर मी नेलं नव्हतं, हे मात्र पुन्हा सांगतो.

क्रिकेट संघ
२२ला अँटिग्वात भारताचा सुपर आठचा सामना आहे, आपल्याकडे दुपारी साडेतीनला. हस्टिंग्ज तीनला. तरुण मुलं येणार नाहीत. सकाळी घ्या ना.

कार्यवाह
सकाळी हॉलमध्ये कराटेचा वर्ग असतो. होकार आलेल्या चौघांना पुन्हा वेळ बदलून मागणं शक्य नाही.

ज्येष्ठ नागरिक गट
सामन्याचं नंतर बघा. मतदार यादीत नावं नोंदवलीत का सगळ्यांनी? मंगळवारी, १८ जूनला मध्यरात्री मुदत संपते. मी १९९६ला आलो. कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं, हे मला ऑफिसातल्या शिपायाने सांगितलं. पुढच्या मे महिन्यात मत दिलं, हातात दोरीला बांधलेली बोथट पेन्सिल होती. आजही आपल्या विद्यार्थी मुलांना वाटतं की सिटिझन झाल्याशिवाय मत नाही. आता फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. हे हस्टिंग्जच्या पत्रकात सर्वांत वर छापा.

माजी अध्यक्ष
शिपाई नव्हे, तो टपाल विभागाचा प्रमुख होता. मीच ओळख करून दिली होती. बाकी, नियम तसा असेल तर बोलवा सातव्यालाही. पण सुरुवातीची भाषणं एकेक मिनिटाची करा, व्हिसाच्या प्रश्नाला वेळ राहिला पाहिजे.

कार्यवाह, १४ जून
सातव्यांना उशिराबद्दल माफी मागून आमंत्रण पाठवलं. तासाभरात होकार आला. ते व्हीलचेअर वापरतात, स्टेजला रॅम्प आहे का असं विचारलंय. नाही. म्हणून सातही जण खाली, प्रेक्षकांच्या पातळीवर बसतील. टेबलं हलवायला शनिवारी दीड वाजता चार जण हवेत. क्रिकेट संघाकडून नावं कळवा.