मदत हवी आहे : कसब्यातले कुंपणावरचे मतदार कसे मोजायचे?

नमस्कार मंडळी. पुण्याच्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघात फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर भाजपच्या हेमंत रासनेंविरुद्ध सुमारे ११ हजारांनी जिंकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच दोघांच्या लढतीत रासने जिंकले, सुमारे १९ हजारांनी! बाजू बदलणारं मत दुहेरी मोजलं जातं, एकाचं घटतं, दुसऱ्याचं वाढतं. म्हणजे ११ हजारांची आघाडी पुसायला साडेपाच हजार माणसं पुरतात. पण खरंच माणसं फिरली, की पोटनिवडणुकीला घरी बसलेले २०२४ ला बाहेर पडले? मला हेच वेगळं काढायचंय, मनापासून. फॉर्म २० (निवडणूक निकालाचा अधिकृत तक्ता) मधले मतदान केंद्रनिहाय आकडे ताडून पाहतोय, पण केंद्रांचे क्रमांक बदलले असतील तर जुळवायचे कसे? कुणी हे केलंय का? कृपया सांगा.