रस्त्याची कड कोणाची: उभ्या गाडीची, की बसची आणि सायकलची?

(टोपणनावांनी झालेली लेखी चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर तो लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चाकोरीबाहेर

थेट मुद्द्यावर येतो. वाढत्या शहरात ज्या रस्त्यांवरून बस जाते, त्या रस्त्यांच्या कडेला गाड्या लावणं बंद करावं आणि ती जागा बस व सायकलला द्यावी. वसाहतीतले आतले रस्ते, गल्ल्या यांबद्दल मी बोलत नाहीये. फक्त बसचे रस्ते.

एक गाडी लावायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. दोन्ही कडा भरल्या की रस्त्याची पाच मीटर रुंदी गेली. दोन मीटरचा एकेरी सायकलमार्ग दोन्ही बाजूंना त्यात सहज बसतो, किंवा एका दिशेची बसची स्वतंत्र पट्टी. तरी दरवेळी उत्तर मिळतं की रस्ता अरुंद आहे. खासगी गाडी दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते, आणि शहरातली सगळ्यात महागडी जमीन तिला फुकट मिळते.

बसथांब्यावर काय होतं ते पाहा. थांब्यासमोर गाड्या लागलेल्या, त्यामुळे बस कडेला येतच नाही, भर रस्त्यात थांबते. काठी टेकत आलेली बाई दोन बंपरांच्या फटीतून वाट काढते, फुटपाथवरून डांबरावर उतरते आणि तिथून बसची पायरी चढते. लो-फ्लोअर बस घेतली ती याच बाईसाठी, पण बस फुटपाथला चिकटून उभी राहिली तरच तिचा उपयोग.

स्पेनमधल्या सेविलने 2006 पासून काही वर्षांतच सुमारे 80 किलोमीटरचे सलग, वेगळे सायकलमार्ग बांधले. त्यासाठी जवळपास पाच हजार पार्किंगच्या जागा काढल्या. शहरातल्या एकूण फेऱ्यांमध्ये सायकलचा वाटा आधी एक टक्काही नव्हता, तो सहा-सात टक्क्यांच्या घरात गेला. हे श्रेय मी सलगपणाला देतो. मधेच संपणारा मार्ग कोणी वापरत नाही.

वळणवाट

सेविल सपाट आहे, दाट वस्तीचं आहे, पाऊसही बेताचा. चढ-उताराच्या किंवा चार महिने धो-धो पावसाच्या शहराला ते उदाहरण लावू नका.

माझा खरा आक्षेप क्रमाला आहे. तुम्ही आधी गाडीची जागा काढता आणि बस नंतर येईल म्हणता. माझ्या आईचे गुडघे गेलेत. दवाखान्याच्या दारात गाडी उभी करता आली नाही, तर तिची फेरीच रद्द होते. रात्रपाळी संपवून निघणाऱ्या परिचारिकेला मध्यरात्रीनंतर कोणती बस मिळते? गाडी घेणारा प्रत्येक माणूस चैनीसाठी घेत नाही. बरेच जण बस येत नाही म्हणूनच कर्ज काढून घेतात, आणि हप्ते सुरू झाल्यावर तुम्ही त्यांना सांगता की आता ती लावायची नाही.

दुकानाची पायरी

मी रस्त्यावरची दुकानदार आहे, हार्डवेअरचं दुकान. रंगाचा वीस लिटरचा डबा आणि पाइप कोणी सायकलवरून नेत नाही. समोरची जागा गेली की ते गिऱ्हाईक बाहेरच्या मॉलमध्ये जाणार, जिथे पार्किंग भरपूर. नुकसान गाडीवाल्याचं होणार नाही, माझं होईल. आणि मालाचा टेम्पो? तो कुठे लावायचा, हे अशा चर्चेत कोणीच सांगत नाही.

चाकोरीबाहेर

टेम्पोचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माल उतरवायच्या जागा राखीव हव्यातच, ठरलेल्या वेळांसह. आज तुमच्या दारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणाची गाडी असते? बहुतेकदा शेजारच्या कार्यालयात कामाला आलेल्या माणसाची. तुमचं रंग घेणारं गिऱ्हाईक त्या गाडीमुळेच फेऱ्या मारतं.

कॅनडातल्या टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर 2016 मध्ये पार्किंग कमी करून सायकलपट्टी आली. त्याच्या काही वर्षं आधी तिथल्या एका भागात पाहणी झाली, तेव्हा दुकानदारांना वाटत होतं त्याहून गाडीने येणारी गिऱ्हाईकं फारच थोडी निघाली, दहापैकी साधारण एक. पट्टी आल्यानंतरच्या अभ्यासात लोकांचं येणं आणि खर्च, दोन्ही वाढलेलं दिसलं.

वळणवाट

आणि त्याच ब्लूर स्ट्रीटवरची पट्टी उखडायला ओंटारियोच्या, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात येतं त्याच्या, सरकारने 2024 मध्ये कायदा केला, हेही सांगा. तो निर्णय योग्य होता असं मी म्हणत नाही. पण लोकांना बरोबर न घेता बदल केला की तो पुढच्या निवडणुकीत परत जातो. शिवाय ते आकडे सगळ्या रस्त्याची सरासरी आहेत. कॉफीची दुकानं चालली म्हणून हार्डवेअरचं चालेल असं त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरा मजला

तुम्ही सगळे रस्त्याकडे बघताय, मी इमारतींचे नकाशे काढते म्हणून दुसरी बाजू सांगते. बांधकामाच्या नियमांत "इतक्या घरांमागे इतक्या गाड्यांची जागा" ही सक्ती असते. अमेरिकेतल्या कोलंबस शहराने 1923 मध्ये अपार्टमेंटसाठी ती आणली आणि नंतर जगभर पसरली. उतार आणि वळायची मोकळी जागा धरली तर तळघरातली एक गाडी पंचवीस ते तीस चौरस मीटर खाते. एका खोलीहून मोठी जागा झाली ही. खर्च घराच्या किमतीत जातो, आणि ज्याच्याकडे गाडीच नाही तोही तो भरतो. बसने जाणारं कुटुंब शेजाऱ्याच्या गाडीचं तळघर विकत घेतं, आणि नकाशावर सही करताना मला हे दरवेळी खटकतं.

अमेरिकेतल्याच बफेलोने 2017 मध्ये ही सक्ती शहरभर काढली. मेक्सिको सिटीने त्याच वर्षी किमानची अट काढून कमाल मर्यादा घातली, म्हणजे याहून जास्त बांधायचं नाही.

वळणवाट

सक्ती काढली की बिल्डर पार्किंग बांधणार नाही, किंमतही कमी करणार नाही, आणि गाड्या येतील रस्त्यावर. जिथे रस्त्यावर फुकट लावता येतं तिथे दुसरं काय होणार?

तिसरा मजला

बरोबर, म्हणून एकटी ती सुधारणा चालत नाही. जपानने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. 1962 च्या कायद्यानंतर तिथे गाडी घेण्याआधी ती ठेवायला जागा आहे हे दाखवावं लागतं, घरापासून दोन किलोमीटरच्या आत, आणि पोलीस त्याचा दाखला देतात. रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवायला मनाई आहे. टोकियोच्या निवासी गल्ल्यांत फुटपाथसुद्धा नसतो, तरी मुलं चालत शाळेत जातात, कारण कडेला गाड्यांची भिंत नसते. अरुंद रस्ता ही अडचण राहत नाही मग.

वळणवाट

म्हणजे ज्याची स्वतःची जमीन त्यालाच गाडी. शहराच्या टोकाला स्वस्त घर घेऊन रोज दोन तास प्रवास करणाऱ्याला तेवढाही आधार नको का? टोकियोत रेल्वे होती म्हणून तो नियम सोसला. रेल्वे नसलेल्या शहरात तोच नियम आणलात तर पहिला मार गरिबाला बसेल.

पायडल

रोज सायकल चालवते, म्हणून एक गोष्ट लिहितेच. लागलेल्या गाड्यांच्या रांगेला लागून रंगवलेली सायकलपट्टी ही नसलेल्या पट्टीपेक्षा वाईट असते. उघडलेलं दार जवळपास मीटरभर बाहेर येतं. आत कोणी बसलंय का ते काचेतून दिसत नाही, म्हणून नजर सतत आरशांवर आणि मागच्या दिव्यांवर. दार उघडलं की दोनच वाटा: दारावर आदळायचं, किंवा मागून येणाऱ्या वाहनासमोर वळायचं. नेदरलँड्समध्ये दारापासून लांबच्या हाताने दार उघडायला शिकवतात, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागे पाहिलं जातं. चांगली सवय, पण माझा जीव दुसऱ्याच्या सवयीवर का टांगलेला असावा?

जागा काढणं जमत नसेल तर निदान उलटापालट करा. फुटपाथ, मग सायकल, मग दारापुरती मोकळी पट्टी, मग लागलेल्या गाड्या, मग रस्ता. न्यू यॉर्कने 2007 मध्ये नाइन्थ अव्हेन्यूवर हेच केलं. थोड्या जागा गेल्या, बाकीच्या राहिल्या.

दुकानाची पायरी

हे मला चालेल. पैसे आकारायलाही माझी हरकत नाही, फक्त ते महापालिकेच्या तिजोरीत गडप होऊ नयेत.

तिसरा मजला

कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या जुन्या बाजारपेठेत हीच अट होती. 1993 मध्ये तिथे पार्किंगचे पैसे घेणारे मीटर बसले, दुकानदार आधी विरोधात होते. मग ठरलं की मीटरचा पैसा त्याच रस्त्यांच्या फुटपाथवर, दिव्यांवर, झाडांवर खर्च व्हायचा. त्यानंतर विरोध मावळला. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये 2012 पासून अकरा किंवा जास्त गाड्यांची जागा देणाऱ्या कंपन्यांकडून वार्षिक शुल्क घेतात आणि ते ट्रामच्या विस्तारासारख्या कामांत घालतात. वळणवाट, तुम्ही मागताय तो पर्याय उभा करायला पैसा कुठून येतो, त्याचं हे एक उत्तर.

वळणवाट

नॉटिंगहॅमचं मला पटतं, कारण तिथे भार कंपनीवर आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचंही पटतं. 1996 मध्ये तिथे तडजोड झाली: मध्यवस्तीतल्या जागांची संख्या 1990 च्या पातळीवर गोठवली, नवं तळघर बांधलं की रस्त्यावरच्या तेवढ्या जागा काढायच्या. कोणाचं काही हिसकावलं नाही आणि रस्ताही मोकळा झाला.

माझी भूमिका नोंदवून ठेवतो. थांब्यांसमोरच्या जागा उद्याच काढा, त्यात वादच नाही. अपंगांच्या आणि दवाखान्यांसमोरच्या राखीव जागांना हात लावू नका. बाकीचं बस दर दहा मिनिटांनी येऊ लागल्यावर.

चाकोरीबाहेर

राखीव जागा राहतीलच. मोकाट पार्किंगने आज त्याच आधी बळकावल्या जातात.

पण "आधी दहा मिनिटांनी बस" याचा हिशोब करून बघा. एका मार्गावर सहा बस आहेत आणि कोंडीमुळे एक फेरी नव्वद मिनिटांची होते, तर थांब्यावर दर पंधरा मिनिटांनी बस येते. पट्टी मोकळी मिळाली आणि फेरी साठ मिनिटांवर आली, तर त्याच सहा बस, तेच चालक, तेच डिझेल, आणि बस दर दहा मिनिटांनी. पट्टी न देता हेच साधायचं तर तीन बस जास्त घ्याव्या लागतील आणि त्याही त्याच कोंडीत उभ्या राहतील. तुम्ही जी अट घालताय ती पुरी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग पार्किंगच्या खाली दडलेला आहे.

वळणवाट

हिशोब बरोबर आहे. पण नव्वदचे साठ व्हायला पट्टी पूर्ण मार्गावर हवी आणि चौकांत बसला आधी सोडणारे सिग्नल हवेत. आजवर पाहिलंय ते असं की सोपा, रुंद तुकडा रंगवतात आणि जिथे खरी कोंडी, तिथेच पट्टी संपते.

तर मग एकच मार्ग निवडा, डेपोपासून शेवटच्या थांब्यापर्यंत. त्यावरच्या दुकानांच्या माल उतरवायच्या वेळा आधी ठरवा आणि फेरीला लागणारा वेळ आधीचा व नंतरचा जाहीर करा. एवढं होणार असेल तर त्या एका मार्गापुरती मी अट मागे घेतो. पट्टीत उभी राहिलेली गाडी किती मिनिटांत उचलली जाते, तेही त्याच तक्त्यात लिहा.