एका खांबाच्या मापावरून अख्ख्या उतारावरचा बर्फ मोजू नका
सपाटीवरच्या बर्फ मोजायच्या खांबावर २ मीटर बर्फ दिसतो, म्हणून वरच्या उतारावरही तेवढाच असेल, हा अंदाज धोक्याचा आहे. वारा डोंगराच्या धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून पलीकडच्या आडोशाला टाकतो. त्यामुळे धारेवर खडक उघडे आणि ३०-४० पावलांवर घळीत ४ मीटर, असं सर्रास दिसतं. साधारण ५०-५५ अंशांपेक्षा तीव्र कड्यांवर बर्फ फारसा टिकत नाही. तो घसरून पायथ्याशी साठतो.

मोजताना बर्फात टोचायची सळई उभी धरली की उताराला काटकोनात, हे नोंदवाच. ४० अंशांच्या उतारावर उभं माप २०० सेंमी आलं, तर काटकोनातला थर फक्त १५३ सेंमी असतो. एका जागी निदान पाचदा टोचा. कठीण पापुद्रा किंवा दगड लागला की सळई अडते आणि खोली कमी भरते.

पातळ थराला सुरक्षित समजू नका, हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास असतं. बर्फाचा पृष्ठभाग उणे १५ अंश सेल्सिअस असेल, तर १ मीटर थरात मीटरमागे १५ अंशांचा फरक पडतो, ३ मीटरमध्ये फक्त ५ अंशांचा. मीटरमागे फरक १० अंशांच्या वर राहिला की तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात आणि वरच्या थराला पक्का आधार राहत नाही. हिमस्खलन बरेचदा अशा पातळ जागेवरूनच सुटतं, विशेषतः खडकांच्या कडेला.