‘श्टोल्परश्टाईन’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा : जर्मनीतल्या पदपथांवर नाझी छळाला बळी पडलेल्या ज्यूंच्या नावांचे छोटे पितळी दगड असतात, त्यांना ‘श्टोल्परश्टाईन’ (शब्दशः ‘अडखळवणारा दगड’) म्हणतात. त्यांच्यासाठी ‘स्मृतिशिला’ लिहावे की ‘ठेचेचा दगड’?

प्रतिसाद : दोन्ही टाळावेत असे मला वाटते. ‘शिला’ म्हटले की उभारलेली, अनावरण झालेली मोठी वस्तू डोळ्यांपुढे येते. हा तर जेमतेम दहा सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा असून त्याच्या पितळी पत्र्यावर अक्षरे हाताने ठोकलेली असतात. गुंटर डेम्निग या कलावंताने १९९२ साली कोलोनच्या नगरभवनासमोर पहिला दगड बसवला आणि २०२३ पर्यंत युरोपभरात त्यांची संख्या एक लाखावर गेली. (युरोपातल्या रोमा-सिंती समाजातले लोक, अपंग, राजकीय विरोधक यांचेही दगड असल्यामुळे सरसकट ‘ज्यू स्मारक’ म्हणू नये.) ‘ठेच’ म्हटली की इजा आली, हा दगड फरशीच्या पातळीतच बसवतात, त्यामुळे पायाला काही होत नाही, मात्र वाचण्यासाठी वाकावे लागते. ‘अडखळणे’ हे क्रियापद पायालाही लागू पडते आणि वाचणाऱ्यालाही. शिवाय घडीव दगडाला आणि मृताच्या स्मरणार्थ ठेवलेल्या दगडालाही आपण ‘चिरा’ म्हणतो, म्हणून ज्यांना कबरही मिळाली नाही अशा माणसांसाठी मी ‘अडखळचिरा’ लिहीन. म्युनिकमध्ये ही नावे पायदळी येतात या आक्षेपामुळे सार्वजनिक पदपथांवर हे दगड बसवू दिले जात नाहीत, त्याऐवजी भिंतींवर आणि खांबांवर फलक लावतात. त्यांना ‘नामफलक’ पुरे.

शब्दाहून अधिक जपायला हवा तो दगडावरचा मजकूर. नाव, जन्मवर्ष, कधी आणि कोठे नेले, आणि शेवटी बहुधा ‘एरमोर्डेट’, म्हणजे ‘हत्या’. तेथे ‘निधन’ किंवा ‘मृत्यू’ लिहिणे हा खोटेपणा होईल. पकडले जाण्याआधी ज्यांनी जीव दिला त्यांच्या दगडावर ‘मृत्यूकडे पलायन’ अशा अर्थाचे शब्द असतात. तेथे सरळ ‘आत्महत्या’ लिहिले, तर त्यांच्यावर ती वेळ कोणी आणली हे वाक्यातून निघून जाते.

आरंभीचे ‘हीअर वोन्टे’ (‘येथे’ आणि ‘राहणे’चा भूतकाळ) हे शब्द पुरुष, स्त्री, मूल सर्वांना सारखेच लागतात. मराठीत मात्र ‘राहत होता’, ‘राहत होती’, ‘राहत होत्या’ असे लिंग आणि आदर ठरवावेच लागतात, आणि चार वर्षांच्या मुलीला व तिच्या आजीला वेगळी वागणूक मिळते. हा दगड शक्यतो त्या माणसाने स्वेच्छेने निवडलेल्या अखेरच्या घरासमोर बसवतात, म्हणून ‘येथे यांचे घर होते’ ही रचना मला सर्वांत योग्य वाटते.