फ्लॉरेन्समधे बर्गरवाल्यांना बंदी, हे बरोबर की अती?

शेवभाजी_नाशिककर
मंडळी, मे महिन्यात इटली करून आलो. मी, बायको, आई आणि नऊ वर्षांचे चिरंजीव. फ्लॉरेन्सला दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, चौकात भर उन्हात चिरंजीवांनी फतकल मारली, बर्गर पाहिजे म्हणजे पाहिजे. म्हटलं एवढे टुरिस्ट आहेत, असेलच इथे मॅकडी, तर पानिनीवाला म्हणतो या चौकात म्युनिसिपालटीने त्यांना येऊच दिलं नाही, स्टेशनकडे जा. आणि सांगताना चेहरा असा की जणू ह्यानेच तटावर उभं राहून गनिमाला परतवलं.

आईला ते भलतंच आवडलं, म्हणे बरोबरच आहे, देवळासमोर कसला बर्गर. मग पुढच्या गाडीवर इथलं काहीतरी खाऊ म्हणून विचारलं तर लाम्प्रेदोत्तो, म्हणजे गाईचं चौथं जठर उकडून पावात घालतात. आईने दोन पावलं मागे घेतली आणि दिवसभर केळी खाल्ली.

तर प्रश्न असा की जुनं शहर जपायचं म्हणून बाहेरच्या खाण्याची दुकानं अडवणं पटतं का तुम्हाला? माझं अजून ठरत नाहीये.

बोलोन्याचा_बाळू
सात वर्षं शेजारच्या बोलोन्यात राहतोय म्हणून लिहितो, जरा लांबेल.

फ्लॉरेन्सचा जुना भाग 1982 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. 2016 मधे तिथल्या पालिकेने नियम केला की या भागात खाण्याचं नवीन दुकान काढायचं तर 70 टक्के माल स्थानिक पाहिजे. त्याच वर्षी मॅकडोनल्ड्सने थेट दुओमोच्या चौकात जागा मागितली, टेबलावर वाढायची वगैरे तयारी दाखवली, तरी महापौर नार्देल्लांनी नाही म्हटलं. मग कंपनीने जवळजवळ 1.8 कोटी युरोंच्या भरपाईचा दावा ठोकला. कबाबवाला असा दावा ठोकू शकतो का? तो गपचूप शटर ओढतो आणि गावाबाहेर जातो.

माझा राग इथेच आहे. लुक्का नावाचं तटबंदीचं सुंदर गाव आहे, तिथे 2009 ला तटाच्या आत नवीन परदेशी पद्धतीची हॉटेलं उघडायला बंदी घातली. फ्रेंच चालेल का, तर चालेल, असं तेव्हा पेपरात आलं होतं. व्हेरोनात 2016 ला नवीन कबाबची दुकानं उघडायला बंदी. म्हणजे बोर्डावर लिहायचं 'शहराचं रूप' आणि नियम लागतो तो बांगलादेशी, तुर्की, मोरोक्कन माणसाला. उद्या आपल्यातल्या कोणी तिथे डोशाचं टपरीवजा दुकान काढायचं म्हटलं तर तोही त्याच रांगेत.

तटाबाहेरची
अहो बाळूदादा, पण म्हणून काहीच अडवायचं नाही का? 1986 मधे रोमला स्पॅनिश पायऱ्यांच्या चौकात मॅकडोनल्ड्स आलं तेव्हा लोकांनी समोर उभं राहून पास्ता वाटला, त्या सगळ्या रागातूनच कार्लो पेत्रिनींची स्लो फूड, म्हणजे फास्ट फूडऐवजी स्थानिक खाणं जपायची, चळवळ उभी राहिली. राग आला म्हणूनच काहीतरी घडलं ना. मिलानच्या त्या काचेच्या छताच्या गॅलेरियातून 2012 ला मॅकडोनल्ड्सला बाहेर काढलं ते मला तरी चांगलंच वाटलं होतं.

बोलोन्याचा_बाळू
ताई, मिलानला त्या जागेत आलं कोण, प्रादा, महागड्या फॅशनची कंपनी. मालक पालिकाच होती, कोणी आजीबाईंची खानावळ नाही उघडली तिथे. आणि रोमचं ते दुकान आजही तिथेच आहे, मुलांची रांग लागलेली.

उपास_तिथे_खिचडी
मला ते 70 टक्के स्थानिकचं गणित कळत नाही. टोमॅटो अमेरिकेतून आला, म्हणजे टोमॅटोचा सॉस किती पिढ्या झाल्या की इटालियन होतो? आपली साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, बटाटा, मिरची, शेंगदाणे, सगळं त्याच अमेरिकेतून आलेलं आणि ती आपण चालवतो एकादशीला! तुपाशिवाय त्यात आपलं काय आहे सांगा.

तटाबाहेरची
माल कुठून आला हा मुद्दाच नाहीये हो. रोममधे, दिल्लीत आणि दुबईत दुकान तेच, लाल पिवळं, तसंच. खिचडी प्रत्येक घरी वेगळी असते.

बोलोन्याचा_बाळू
हे मात्र मान्य. पण मग बंदी 'परदेशी'वर कशाला, एकसारख्या दुकानांवर घाला की. कारण आता मी राहतो तिथलं सांगतो. बाजाराच्या भागात एक गल्ली आहे, नावच पेस्केरिए वेक्के, म्हणजे जुनी मासळीची दुकानं. आज जाऊन बघा, एखाददुसरा मासेवाला उरलाय, बाकी दारोदार मोर्तादेला, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, आणि लाकडी पाटावर मांडलेलं चीज, सगळं शंभर टक्के इथलंच, नियमात फिट्ट बसणारं. पण माझ्या शेजारच्या आजी तिथे भाजी आणायला जात नाहीत आता.

फ्लॉरेन्सला पण तेच. व्हिया दे नेरीमधे सँडविचसाठी एवढी गर्दी व्हायला लागली की 2018 ला पालिकेने ठराविक वेळात फुटपाथवर थांबून खायला बंदी केली, 150 ते 500 युरो दंड. ते सँडविच काय अमेरिकन नव्हतं, अस्सल तोस्कानातल्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्याच प्रांतातल्या, स्क्याचाता नावाच्या चपट्या पावात भरलेलं. मुळात वर घरांत माणसंच राहिली नाहीत, टुरिस्ट राहतात. 2023 ला फ्लॉरेन्सने जुन्या भागात नवीन एअरबीएनबी टाइप भाड्याला बंदी घातली, ते मला बर्गरबंदीपेक्षा जास्त कामाचं वाटतं. भाडं परवडलं तर चांभार राहील, किराणावाला राहील, आणि मग त्यांच्या शेजारी कबाबवाला असला तर काय बिघडतं.

शेवभाजी_नाशिककर
हे वाचताना एक आठवलं. त्या केळ्यांच्या दिवशी रात्री आईला शेवटी गरम वरणभात मिळाला तो एका बांगलादेशी माणसाच्या दुकानात. मेनूवर नव्हताच, त्याने स्वतःच्या डब्यातलं काढून दिलं आणि पैसे घेईना. आईला आता ही चर्चा वाचून दाखवली तर म्हणते त्याला राहू द्या, बाकीच्यांना काढा.

पुढच्या वर्षी बोलोन्याला यायचं चाललंय. बिनमांसाचं काय मिळेल ते आत्ताच सांगून ठेवा बाळूभाऊ.

बोलोन्याचा_बाळू
तोर्तेल्लोनी मागा, आत रिकोटा चीज आणि पालेभाजी असते, वरून लोणी. तोर्तेल्लिनी मागू नका, त्यात डुक्कर असतं. वेलांटीचा फरक आहे, आईंना पाठ करायला सांगा. आणि वर जे पार्मेजानो किसून घालतात ते वासराच्या जठरातलं विरजण लावून करतात, हे मात्र त्यांना सांगू नका.