वाळवंटातला आडबाजूचा पाणवठा : तुमचे अनुभव

वाळवंटात बघण्यासारखं काय असतं, नुसती वाळूच ना, असं परवा एका मैत्रिणीने विचारलं आणि मला आधी पाणीच आठवलं. तर ज्यांनी कुठल्याही वाळवंटातला पाणवठा स्वतः जाऊन पाहिलाय त्यांनी लिहा. रिसॉर्टचा स्विमिंग पूल चालणार नाही :) सुरुवात मीच करते.

जैसलमेरहून समच्या वाळूच्या टेकड्या बघायला सगळेच जातात, आम्ही तिथून आणखी आत एका ढाणीवर, म्हणजे छोट्याशा वस्तीवर गेलो. जीपवाला म्हणाला बेरी दाखवतो. मला वाटलं आपल्याकडे असते तशी पायऱ्यांची बारव असेल. बघते तर सपाट माळावर हातभर उंचीचा दगडी कठडा, वर लाकडी झाकण, आणि तोंड इतकं लहान की घरची कणकेची परात ठेवली तर झाकलं जाईल. तिथल्या काकींनी बादली सोडली, दोर जातोय, जातोय, आणि वर आली ती अर्धीच. म्हटलं आटली का? तर बेरी अशीच असते म्हणे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, खाली जिप्समचा थर असतो तो त्याला खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही, मग ते वाळूत ओल धरून राहतं आणि बेरीत थेंब थेंब पाझरतं. या पाण्याला तिकडे नावच वेगळं, रेजाणी. पावसाचं ते पालर, खोल विहिरीचं ते पाताल. दिवसाला दोन-तीन घडे मिळतात असं काकी म्हणाल्या, आणि हे कळायच्या आधीच मी ओंजळभर पाणी तोंडावर मारून मोकळी झाले होते. काकी काही बोलल्या नाहीत. पण जिथे सांडलं तिथे बकरीचं करडू धावत आलं आणि ती ओली वाळू चाटायला लागलं. अजून आठवलं की कसंतरी होतं.

*

माझा नामिबियातला, एतोशा नॅशनल पार्क. आडबाजूचा म्हणावा का प्रश्नच आहे कारण ओकाकुएयोचा पाणवठा कॅम्पला लागूनच आहे, मध्ये एक भिंत, अलीकडे बाकडी. पार्कात सूर्यास्तानंतर गाडी फिरवायला बंदी, त्यामुळे सगळे जेवून तिथे येऊन बसतात, रात्रभर प्रकाशझोत असतो. कोणी बोलत नाही. मी बायकोने दिलेल्या चकल्यांची पिशवी उघडली तर त्या कुरकुर आवाजाने सगळी बाकडी वळून बघायला लागली, चकली तोंडात तशीच विरघळवली. साडेदहाला काळा गेंडा आला, पिल्लू मागे. पाणी पितानाचा तो सुर्र आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट येत होता. मग हत्ती आले आणि गेंडा, एवढा मोठा प्राणी, निमूट बाजूला झाला.

पण मला जास्त आवडली सकाळ. पखुर्ड्यांचे (सँडग्राऊस पक्षी) थवेच्या थवे उतरतात, त्यातले नर पाण्यात पोट बुडवून बसतात, पोटाची पिसं स्पंजासारखी पाणी धरतात आणि ते घेऊन लांब पिल्लांकडे उडत जातात. डिस्कव्हरीवर पाहिलं होतं, समोर बघताना वेगळंच.

*

कच्छ, बन्नी. तिथले गुरं पाळणारे मालधारी लोक तळं आटलं की त्याच्याच तळात खड्डा खणतात, त्याला विरडा म्हणतात. आमच्या आजोळी नदी आटल्यावर वाळूत झिरा काढायचे तसाच, फक्त बाजूंनी लाकडं आणि गवत लावून बांधलेला. गंमत म्हणजे गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं, हावरटासारखं उपसलं की खालचं खारं वर येतं. मी चव घेतली, किंचित मचूळ. म्हशी मात्र मजेत पीत होत्या.

*

@धागाकर्ती, समच्या बाजूला गेलात तर माळढोक दिसला का? आम्ही सोलापूरचे असून जवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तीनदा जाऊन हात हलवत परत आलोय.

*

दिसला! पण पाण्यावर नाही, जीपमधून, पाचेक सेकंद. फोटोत एक तपकिरी ठिपका आलाय, तो माळढोक आहे असं घरच्यांना सांगते. नवरा म्हणतो केर नावाचं तिकडचं झुडूप आहे.