विहिरीच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी परवानाधारक कंत्राटदार नेमताना काय तपासावे?

पाणवठा

नमस्कार. आमच्या घराला पाणी फक्त स्वतःच्या विहिरीचे आहे. उपसल्यावर ते नितळ दिसते, पण बादलीत रात्रभर राहिले की तळाशी तांबूस गाळ बसतो आणि नळाखालच्या फरशीवरही तसेच डाग पडले आहेत. शिवाय गरम पाण्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. एका परवानाधारक कंत्राटदारांनी घरी येऊन पाहणी केली. त्यांनी आमच्या पाण्याच्या ग्लासात दोन सळ्यांचे एक उपकरण बुडवून वीज सुरू केली, तेव्हा थोड्याच वेळात पाणी तपकिरी होऊन त्यावर साका जमला. सोबत आणलेल्या शुद्ध पाण्याच्या ग्लासात मात्र जवळजवळ काहीच घडले नाही. त्यावरून त्यांनी सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा कमी करणारे यंत्र), यूव्ही दिवा (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) आणि संपूर्ण घरासाठी आरओ (बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारे यंत्र) असा संच सुचवला असून लगेच सही केल्यास सवलत देऊ, असे सांगितले आहे. घरात तान्हे बाळ आहे, त्यामुळे निर्णय लांबवणे जिवावर येते, पण घाईत भलतेच काही बसवून घ्यायचे नाही. परवाना आहे एवढे पुरेसे मानावे का? करारात काय लिहून घ्यावे?

निर्मळ

आधी त्या प्रयोगाविषयी लिहितो, कारण आपला निर्णय त्यावर अवलंबून राहू नये असे मला मनापासून वाटते. त्या उपकरणातील एक सळी सहसा लोखंडाची असते. वीज सुरू झाली की ती सळीच झिजून पाण्यात उतरते आणि तपकिरी साका तयार होतो. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज अधिक वाहते, म्हणून विहिरीचे पिण्यायोग्य पाणीही असेच गढूळ होते; क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहतच नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. जंतू, नायट्रेट किंवा आर्सेनिक यांविषयी हा प्रयोग काहीही सांगत नाही.

परवाना महत्त्वाचा आहेच. ओळखपत्रावरील क्रमांक घेऊन, तो चालू आहे का, कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या कामासाठी आहे, हे परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून स्वतः विचारून घ्यावे. विहीर खोदण्याचा, नळजोडणीचा आणि जलशुद्धीकरणाचा परवाना अनेक ठिकाणी वेगवेगळा असतो, आणि कधीकधी परवाना एकाचा व प्रत्यक्ष काम दुसऱ्याचे असेही होते. परंतु परवान्याने ती व्यक्ती काम करण्यास पात्र आहे एवढेच कळते. आपल्या पाण्याला नेमके कोणते यंत्र हवे, हे पाण्याच्या तपासणीतूनच कळते. ती तपासणी यंत्र विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी.

बाळाविषयी मात्र थांबू नका. नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नसते आणि सहा महिन्यांखालील बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यामुळे घटू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम नायट्रेट अशी आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. सॉफ्टनर आणि यूव्ही यांनीही ते जात नाही. अहवाल हाती येईपर्यंत बाळाच्या दुधाच्या पावडरीत विहिरीचे पाणी वापरू नये, ही कळकळीची विनंती.

वासाचे कारण घरातल्या घरात शोधता येईल. थंड पाण्याला वास नसेल आणि फक्त गरम पाण्याला असेल, तर दोष बहुधा हीटरच्या टाकीला गंज चढू नये म्हणून आत बसवलेल्या मॅग्नेशियमच्या दांड्याकडे जातो. तसे असेल तर दांडा बदलून आणि हीटर निर्जंतुक करून काम भागू शकते, त्यासाठी सगळ्या घराला यंत्रणा लागत नाही. तांबूस गाळ हे विरघळलेल्या लोहाचे लक्षण आहे. लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या वर लोह गेले की डाग पडू लागतात. ते किती आहे हे कळल्याशिवाय सॉफ्टनर की लोहासाठीचा स्वतंत्र फिल्टर, हे ठरवता येणार नाही.

ओंजळ

वरील उत्तराशी पूर्ण सहमत. त्यात यूव्हीची भर घालते. हा दिवा पाण्यातून प्रकाश आरपार गेला तरच काम करतो; लोह किंवा गढूळपणा असेल तर काचेच्या नळीवर पुटे चढतात आणि दिवा पेटलेला दिसूनही जंतू जिवंत राहतात, म्हणून लोह काढण्याची व्यवस्था दिव्याच्या आधी असलीच पाहिजे. दिवा साधारण वर्षाने बदलावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अहवालात ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू) आढळल्यास आधी विहिरीचे झाकण, कठड्याच्या भेगा आणि सेप्टिक टँकचे अंतर पाहायला सांगा. घाण आत झिरपत असताना नुसता दिवा लावणारा कंत्राटदार मला योग्य वाटत नाही.

करारात प्रत्येक यंत्रापुढे, ते कोणता घटक किती प्रमाणावरून किती प्रमाणावर आणणार, हे आकड्यांत लिहून घ्यावे. ‘पाणी शुद्ध होईल’ या वाक्याला करारात काहीच अर्थ नाही. पंप मिनिटाला किती लिटर पाणी देतो, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजले पाहिजे, कारण फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्याइतका जोर नसेल तर तो काही महिन्यांतच तुंबतो. यंत्रणेच्या आधी कच्च्या पाण्याच्या नमुन्यासाठी एक नळ, दुरुस्तीच्या वेळी पाणी चालू ठेवणारी पर्यायी वाहिनी, आणि यंत्रे धुतल्यावर निघणारे खारट पाणी विहिरीपासून दूर कुठे सोडणार, याचाही उल्लेख असावा. शेवटचा हप्ता काम संपल्यावर देऊ नये. यंत्रणा बसवल्यानंतरच्या तपासणीचा अहवाल ठरलेल्या आकड्यांत आला, तर द्यावा.

पाणवठा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. थंड पाण्याला खरोखरच वास नाही, हे आत्ताच पाहिले. कंत्राटदार म्हणतात की प्रयोगशाळेची गरज नाही, पाण्याची तपासणी ते स्वतः मोफत करून देतील. ते मान्य करावे का?

निर्मळ

जडपणा, लोह आणि सामू (पीएच) कंत्राटदारांनी जागेवर मोजण्यास हरकत नाही, यंत्राचा आकार ठरवायला ते आकडे त्यांना लागतातच. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक यांसाठी मात्र प्रयोगशाळाच हवी. जंतूंच्या नमुन्यासाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आणावी, नळाच्या तोंडाची जाळी काढून काही मिनिटे पाणी वाहू द्यावे, बाटलीच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाला बोट लावू नये, आणि नमुना थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावा.

अहवाल आल्यावर नायट्रेटपुढील एकक नीट वाचा. काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ म्हणून आकडा देतात, तर काही त्यातील केवळ नायट्रोजन मोजून देतात. नायट्रेटचे 50 मिलिग्रॅम म्हणजे नायट्रोजनचे सुमारे 11.3 मिलिग्रॅम. त्यामुळे अहवालात 12 हा आकडा पहिल्या पद्धतीने आला असेल तर तो मर्यादेच्या बराच खाली आहे, आणि दुसऱ्या पद्धतीने आला असेल तर मर्यादा ओलांडलेली आहे. शंका राहिली तर प्रयोगशाळेलाच फोन करून विचारा, कंत्राटदारांना नव्हे.